एकाच सर्व्हरवर के-थ्री-एस: पॉड वरचेवर ‘इव्हिक्टेड’ का होतात?

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. सर्व्हर एकच, त्यावर के-थ्री-एस, म्हणजे कंटेनर सांभाळणाऱ्या क्युबर्नेटिसची हलकी आवृत्ती. काही दिवस सगळं सुरळीत. मग एका पहाटे साइट बंद. पॉडची (म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटांची) यादी काढली तर निम्म्या नावांपुढे ‘इव्हिक्टेड’, म्हणजे बाहेर काढलेले, आणि त्यांच्या जागी आलेले नवे पॉड ‘पेंडिंग’मध्ये ताटकळलेले. तुम्ही ‘इव्हिक्टेड’वाले पॉड उडवता, थोडी जागा मोकळी करता, सगळं परत उभं राहतं. आणि काही दिवसांनी पुन्हा तेच.

तुमचे पॉड ‘ओओएम-किल्ड’ दिसत असतील किंवा १३७ हा एक्झिट कोड येत असेल, तर तुमचा त्रास बहुधा मेमरीचा आहे. त्याबद्दल शेवटाकडे दोन ओळी आहेत, तिकडे जा. बाकीच्यांनी वाचत राहा. कमांड मी आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशा लिहिल्यात.

माझ्याकडचं प्रकरण कोल्हापूरकडच्या एका गावातल्या दूध संस्थेचं. संकलनाचा सॉफ्टवेअर मी सांभाळतो. ४ कोअर, ८ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क, त्यावर वेब अ‍ॅप, पोस्टग्रेस, रेडिस आणि बारीकसारीक मिळून अकरा पॉड. पहाटे साडेपाचला गवळी किटल्या घेऊन दारात येतात. वजन होतं, फॅट लागतं, पावती निघते. त्या दिवशी ५ वाजून ४० मिनिटांनी सेक्रेटरींचा फोन: “सर, पावती निघंना झालीया. वहीत लिहून घ्यू का?” वहीत लिहून घ्या म्हटलं आणि लॅपटॉप उघडला.

तेव्हा मी केलेली पहिली चूक: ‘इव्हिक्टेड’ पॉड दिसले की हात आपोआप डिलीटकडे जातो. ते करू नका. क्युबर्नेटिसचे इव्हेंट मुळात एक तासच टिकतात. रात्री दोनला काही घडलं असेल, तर पावणेसहाला इव्हेंटच्या यादीत त्याचा मागमूसही नसतो. पण उडालेल्या पॉडच्या स्वतःच्या नोंदीत कारण लिहिलेलं राहतं. म्हणून आधी त्यातल्या एकाचं क्यूबसीटीएल डिस्क्राइब (पॉडचा तपशील दाखवणारी कमांड) काढा, मेसेज कुठेतरी चिकटवून ठेवा आणि मग काय उडवायचं ते उडवा.

मी दुसरी चूकही केली. डिस्क भरलीये म्हटल्यावर पटकन जागा मिळावी म्हणून जर्नल रिकामं केलं. उबुंटूवर सिस्टमडीचं जर्नल डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत वाढतं, मात्र ४ जीबीच्या वर जात नाही. माझं जवळपास तेवढंच झालं होतं. त्याशिवाय या सर्व्हरवर पूर्वी डॉकर होता, त्याचं ९ जीबीचं जुनं फोल्डर तसंच पडलं होतं. तेही काढलं. एकूण १३ जीबी मोकळे झाले, पॉड उठले, पावत्या सुरू झाल्या. पण रात्री नेमकं काय झालं हे ज्या जर्नलमध्ये होतं, ते मीच पुसून बसलो होतो.

पाच दिवसांनी पुन्हा तोच फोन. या वेळी मेसेज वाचला. त्याचा अर्थ असा: नोडवर, म्हणजे या सर्व्हरवर, तात्पुरत्या साठवणुकीची जागा कमी पडली. वेब कंटेनर ८४ किलोबाइट वापरत होता, त्याची मागणी (आधी लिहून मागितलेली जागा) ० होती, म्हणजे मागणीपेक्षा वापर जास्त. सबब बाहेर काढला.

८४ किलोबाइट! ८० जीबीच्या डिस्कवर!

चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही लेखी कारण देऊन. हे का होतं ते कळलं की पुढचं सोपं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

नोडवर बसलेला क्युबलेट हा क्युबर्नेटिसचा कारभारी दर काही सेकंदांनी डिस्ककडे बघतो. के-थ्री-एसमध्ये त्याला दिलेली मूळ मर्यादा अशी: मोकळी जागा ५ टक्क्यांखाली गेली की कारवाई. कारवाईचा पहिला टप्पा सौम्य असतो. मेलेले कंटेनर झाडायचे, कुणीच वापरत नसलेल्या इमेज (ज्यांवरून कंटेनर उभे राहतात ती पॅकेजं) उडवायच्या. तेवढ्यानं भागलं नाही तर एकेक पॉड बाहेर काढायचा. कुणाला आधी? ज्याचा वापर मागणीपेक्षा जास्त आहे त्याला, मग कमी प्राधान्याच्याला, मग जास्त जागा खाणाऱ्याला. आपण डिस्कची मागणी कधी लिहितच नाही, त्यामुळे ती ० धरली जाते आणि झाडून सगळे पॉड ‘मागणीपेक्षा जास्त वापरणारे’ ठरतात.

खरी मेख पुढे आहे. पॉडचा वापर मोजताना क्युबलेट तीनच गोष्टी धरतो: कंटेनरनं स्वतःच्या थरात लिहिलेलं, त्याचे लॉग आणि ‘एम्प्टी-डिर’सारखे तात्पुरते व्हॉल्यूम. कायमस्वरूपी व्हॉल्यूममध्ये जे साठतं ते या हिशेबात येत नाही. के-थ्री-एससोबत येणारा लोकल-पाथ प्रोव्हिजनर असं व्हॉल्यूम बनवतो म्हणजे काय, तर त्याच डिस्कवर के-थ्री-एसच्या ‘रँचर’ नावाच्या फोल्डरातल्या ‘स्टोरेज’मध्ये बनवलेलं एक साधं फोल्डर. म्हणजे जागा तिथे भरते आणि दंड इथे होतो.

त्यात आणखी एक आकडा आहे आणि मला वाटतं एकट्या सर्व्हरवाल्यांना सगळ्यात जास्त तोच छळतो. के-थ्री-एस क्युबलेटला सांगतो की एकदा कारवाई सुरू केलीस की मर्यादेच्या वर आणखी १० टक्के जागा मोकळी झाल्याशिवाय थांबू नकोस. म्हणजे ५ टक्क्यांवर सुरू, १५ टक्क्यांवर बंद. माझ्या डिस्कवर १५ टक्के म्हणजे जवळपास १२ जीबी. आता ८४ किलोबाइटवाले पॉड हाकलून १२ जीबी कुठून मिळणार? क्युबलेट एक काढतो, मोजतो, भागलं नाही म्हणून दुसरा काढतो. कोअर-डीएनएससारख्या अतिमहत्त्वाच्या प्राधान्याच्या पॉडना तो हात लावत नाही, बाकी सगळे रांगेनं बाहेर. बाहेर काढलेल्यांच्या इमेज आता ‘न वापरलेल्या’ झाल्या, म्हणून त्याही जातात. माझ्याकडे इमेजचे साधारण ६ जीबी होते. तरीही १२ भरले नाहीत, म्हणून नोडवरचा ‘डिस्क-प्रेशर’चा टेंट (इथे नवा पॉड नको, अशी खूण) तसाच राहिला, आणि टेंट आहे तोवर नवा पॉड बसत नाही. सकाळी माणूस येऊन जागा करेपर्यंत सगळे ‘पेंडिंग’.

दहा नोडच्या क्लस्टरवर हेच वागणं शहाणपणाचं आहे. इथलं भाडं परवडत नाही तर शेजारच्या इमारतीत जा. आपल्याकडे इमारत एकच, आणि रस्त्यावर काढलेल्या भाडेकरूला परत यायला तेच एक दार.

आता मूळ चोर. तो मला आकड्यांनी सापडवून दिला. पहिल्यांदा सगळं आडवं झालं ते वरवर पाहता अचानक. मी १३ जीबी मोकळे केले, ते पाच रात्री पुरले. दुसऱ्यांदा होम फोल्डरातल्या जुन्या झिप वगैरे मिळून ८ जीबी काढले, ते तीन रात्री. १३ भागिले ५, ८ भागिले ३. दोन्हीकडे रात्रीला अडीच जीबीच्या जरा वर, आणि दोन्हीकडे जवळपास सारखं. ट्रॅफिक वाढला की डिस्क भरते, तशी ही भरत नव्हती. काहीतरी घड्याळ लावून रोज ठरावीक खात होतं आणि मी साफ करत होतो त्यातलं एकही त्याचं नव्हतं. तुमच्याकडेही फेऱ्यांमधलं अंतर कमी कमी होत असेल, तर लक्षण हेच: तुम्ही दरवेळी दुसऱ्याच कुणाची जागा रिकामी करताय.

शोधायला डीयू (फोल्डरांचा आकार मोजणारी कमांड) चालवा, पण ‘एक्स’ हा पर्याय देऊन, म्हणजे तो एकाच फाइलसिस्टिममध्ये राहील. तो विसरलात तर चालू कंटेनरच्या ओव्हरले माउंटमध्ये शिरून तेच थर पुन्हा मोजतो आणि ८० जीबीच्या डिस्कवर १४० जीबी वापरल्याचं सांगतो. मी रूटपासून एकेक पायरी उतरत रँचरच्या ‘स्टोरेज’ फोल्डरात आलो. तिथल्या फोल्डरांची नावं वाचता येतात: पीव्हीसी, मग लांबलचक आयडी, अंडरस्कोअर, नेमस्पेस, अंडरस्कोअर आणि क्लेमचं, म्हणजे व्हॉल्यूम मागणाऱ्या अर्जाचं, नाव. एकाच्या शेवटी ‘बॅकअप’ होतं. क्लेममध्ये मी ५ जीबी लिहिले होते. फोल्डर ४२ जीबीचं.

हे नीट लक्षात घ्या, कारण अनेकांना माहीत नसतं: लोकल-पाथ क्लेममधला आकडा पाळत नाही. ५ लिहा, ५० लिहा, ते फक्त कागदावर. शेवटी ते फोल्डर आहे, त्याला कुंपण नाही.

आत काय होतं? डेटाबेसचे डंप. प्रत्येकी ३८० एमबी आणि एकेका तारखेचे सात-सात. सात का? स्क्रिप्ट माझीच. डंप काढायचा, बाहेरच्या स्टोरेजवर चढवायचा आणि चढला तर स्थानिक फाइल पुसायची. तिन्ही पायऱ्या ‘अँड-अँड’नं जोडलेल्या. चढवण्याच्या टोकनची मुदत संपली होती. चढवणं फसलं, म्हणून पुसणं झालंच नाही आणि जॉब नापास. क्युबर्नेटिसमध्ये नापास जॉब आपोआप सहा वेळा पुन्हा केला जातो. फाइलच्या नावात वेळ सेकंदापर्यंत होती, त्यामुळे दर प्रयत्नाला नवी फाइल. पहिला एक आणि नंतरचे सहा, सात गुणिले ३८० म्हणजे रात्रीला साधारण २.६ जीबी. हिशेब जुळला. ४२ जीबी म्हणजे सोळा रात्री. म्हणजे सोळा रात्री बाहेर एकही बॅकअप गेला नव्हता आणि मला पत्ता नव्हता. दहा दिवसांचं दुधाचं बिल याच डेटाबेसवरून निघतं. अंगावर काटा आला.

मग हे आधी का दिसलं नाही? दिसत होतं. पॉडच्या यादीत ‘एरर’ असे सात पॉड होते. पण क्रॉनजॉब (ठरल्या वेळी जॉब चालवणारा) नापास जॉबांपैकी शेवटचा एकच ठेवतो, त्यामुळे रोज सातच दिसायचे, आदल्या रात्रीचे. ‘इव्हिक्टेड’च्या गर्दीत मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आता दुरुस्ती. सगळ्यांना सगळं लागणार नाही.

आधी तातडीचं. जागा मोकळी करताना कंटेनरडीच्या (कंटेनर प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) ‘ओव्हरलेएफएस’ स्नॅपशॉटच्या फोल्डरात हातानं काहीही पुसू नका, कितीही मोठं दिसलं तरी. कंटेनरडीची वही आणि डिस्क यांचा मेळ बिघडतो आणि मग इमेज अर्धवट होऊन पॉड उठेनासे होतात. इमेज काढायच्या तर के-थ्री-एससोबतच्या क्रायसीटीएलला ‘आरएमआय प्रून’ सांगा. पण तेही जरा दमानं. त्या क्षणी बंद असलेल्या पॉडच्या इमेजही त्याच्या लेखी निरुपयोगी असतात. ज्यांनी इमेज रजिस्ट्रीतून न ओढता टार फाइलनं हातानं आत घातल्यात, त्यांना हे विशेष सांगतो: एकदा गेली की ती कुठूनही परत येणार नाही. अशा टार फाइल रँचरच्या ‘एजंट’मधल्या ‘इमेजेस’ फोल्डरात ठेवा, के-थ्री-एस सुरू होताना तिथून त्या आपोआप आत घेतो.

डिस्क पूर्णच, म्हणजे शून्यावर गेली असेल तर आणखी एक गंमत. एकट्या सर्व्हरवर के-थ्री-एस आपली सगळी नोंद एका एस्क्यूलाइट फाइलमध्ये ठेवतो. तिला लिहायला जागा उरली नाही की पॉड डिलीट करण्याची तुमची आज्ञाही लिहिली जात नाही. तेव्हा क्यूबसीटीएलशी झगडत बसू नका. आधी साध्या लिनक्स कमांडींनी जागा करा, मग क्यूबसीटीएल.

कायमचं पहिलं काम: व्हॉल्यूमना वेगळी जागा. व्हीपीएसवर दुसरी छोटी डिस्क जोडा किंवा एलव्हीएममध्ये वेगळा भाग पाडा आणि के-थ्री-एसला ‘डिफॉल्ट-लोकल-स्टोरेज-पाथ’ या पर्यायानं तो दाखवा. आता बॅकअपचं व्हॉल्यूम उतू गेलं तर बॅकअप फसेल, पण क्युबलेट ज्या डिस्ककडे बघतो ती शांत राहील. माझ्या मते एवढं एकच करायला वेळ असेल तर हेच करा. जुने व्हॉल्यूम आपोआप सरकत नाहीत, ते पॉड थांबवून हातानं न्यावे लागतात. मला रविवारची एक दुपार लागली.

दुसरं, क्युबलेटच्या मर्यादा. रँचरच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘क्युबलेट-आर्ग’खाली मी इमेज साफ करण्याची वरची मर्यादा ८५ वरून ७० आणि खालची ८० वरून ६० टक्के केली. छोट्या डिस्कवर इमेजचा कचरा उशिरा उचलण्यात काही अर्थ नाही. शिवाय ‘इव्हिक्शन-मिनिमम-रिक्लेम’ १० वरून २ टक्के केलं. १२ जीबी मिळेपर्यंत माणसं हाकलत राहणारा तो हट्ट एवढ्यानं गेला. इथे सावध: ‘इव्हिक्शन-हार्ड’ स्वतः लिहायला घेतलंत तर नोड, इमेज आणि मेमरी तिन्हींचे आकडे लिहा. फाइल बदलल्यावर के-थ्री-एसची सर्व्हिस रीस्टार्ट करायची. त्यानं चालू कंटेनर बंद पडत नाहीत, त्यामुळे रात्रीची वाट बघायची गरज नाही.

तिसरं, डेटाबेसच्या पॉडला तात्पुरत्या साठवणुकीची मागणी लिहून द्या. मी पोस्टग्रेसला १ जीबी लिहिली. त्याचा खरा वापर काही एमबी. आता तो ‘मागणीपेक्षा कमी वापरणारा’ ठरतो आणि रांगेत सगळ्यात मागे जातो. दोन ओळींचं काम आहे. प्राधान्याचा वर्ग बनवूनही साधारण हेच साधतं, पण मागणीचा निकष प्राधान्याच्याही आधी लागतो.

चौथं, बॅकअप. डंप डिस्कवर उतरवायचंच बंद केलं. पाइपमधून थेट बाहेरच्या स्टोरेजवर. ज्यांना मधे फाइल हवीच आहे त्यांनी आकाराची मर्यादा घातलेला ‘एम्प्टी-डिर’ वापरा. मर्यादा ओलांडली तर तोच पॉड उडतो, शेजारी नाही, आणि पॉड संपला की जागा परत मिळते. ‘बॅकऑफ-लिमिट’, म्हणजे फसल्यावर किती वेळा पुन्हा करायचं तो आकडा, १ केलं. वेळेचं एक बारीक प्रकरणही मिटवलं: सर्व्हर यूटीसीवर असल्यानं रात्री दोनसाठी मला साडेवीस लिहावं लागत होतं आणि तीन महिन्यांनी मलाच ते उमगत नव्हतं. क्युबर्नेटिस १.२७ पासून क्रॉनजॉबमध्ये टाइमझोन पक्का झालाय, तिथे कोलकाता लिहा आणि आपल्या घड्याळात विचार करा.

तुमच्याकडचा चोर वेगळा असू शकतो. भेटलेले इतर सांगतो. डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) डिस्क भरलेली सांगतं पण डीयूला ती जागा सापडत नाही: कुणीतरी चालू प्रोसेसची लॉग फाइल आरएम केलीये आणि प्रोसेस ती अजून धरून बसलीये. एलएसओएफनं पुसलेल्या-पण-उघड्या फाइल बघा, ती प्रोसेस रीस्टार्ट करा. जागा भरपूर पण तरी लिहायला गेलं की ‘जागा नाही’: डीएफला ‘आय’ देऊन आयनोड (फाइलींच्या नोंदींसाठीच्या जागा) बघा. तिसरा, हेल्मनं (क्युबर्नेटिसवर पॅकेज बसवायचं साधन) काढून टाकलेल्या जुन्या चार्टचे, म्हणजे पॅकेजांचे, व्हॉल्यूम. स्टेटफुलसेट गेला तरी त्याचे क्लेम मागे राहतात. वर्षापूर्वी ‘जरा बघू’ म्हणून टाकलेला आणि काढलेला इलास्टिकसर्च अशाच प्रकारे एका मित्राच्या सर्व्हरवर ११ जीबी धरून होता.

आणि डीएफमध्ये जागा दिसतेय तरी क्युबलेट लवकर ओरडतो असं वाटत असेल तर: ईएक्सटी-४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. क्युबलेट ती मोकळी धरत नाही, पण टक्केवारी मात्र संपूर्ण डिस्कवर काढतो. डीएफचा हिशेब जरा वेगळा असतो. म्हणून दोघांचे आकडे जुळत नाहीत. नुसत्या डेटाच्या डिस्कवर ट्यून-टू-एफएसनं हे राखीव १ टक्क्यावर आणायला हरकत नाही.

मेमरीवाल्यांसाठी: के-थ्री-एसच्या मूळ मर्यादांमध्ये डिस्कच आहे, मेमरीचा आकडा नाही. त्यामुळे रॅम संपली की क्युबलेट सभ्यपणे पॉड काढायच्या आधीच लिनक्सचा ओओएम किलर येऊन धडकतो, आणि तो कुणाला उचलेल सांगता येत नाही. ‘इव्हिक्शन-हार्ड’मध्ये मेमरीसाठी २०० एमबीच्या आसपास आकडा घाला आणि प्रत्येक पॉडला मेमरीची मर्यादा लिहा.

एवढ्याशा सर्व्हरला क्युबर्नेटिस कशाला, डॉकरचं साधं कंपोझ वापर, असं म्हणणारे भेटतातच. कंपोझमध्ये पॉड हाकलले जात नाहीत हे खरं. पण डॉकरचे लॉग मुळात कसलीही मर्यादा न पाळता वाढतात, आणि डिस्क भरली की पोस्टग्रेसच ‘जागा नाही’ म्हणून बसतं. माझा डंपचा घोटाळा तिथेही झालाच असता, फक्त फोनवरचं वाक्य वेगळं असतं. मी के-थ्री-एसवरच राहिलो, कारण अपडेट टाकताना पावती थांबत नाही.

राहिला गजर. मोठी मॉनिटरिंग मांडणी ८ जीबी रॅमवर बसवायच्या फंदात पडलो नाही. होस्टच्याच क्रॉनमध्ये, क्लस्टरच्या बाहेर, एक छोटी स्क्रिप्ट आहे. दर पंधरा मिनिटांनी डीएफ बघते, ७५ टक्के ओलांडले तर मला टेलिग्रामवर मेसेज. दुसरी रात्री तीनला बाहेरच्या स्टोरेजवर आजच्या तारखेची फाइल आहे का आणि तिचा आकार कालच्याच्या आसपास आहे का, एवढंच बघते. क्लस्टरच्या बाहेर मुद्दाम ठेवलंय, कारण गजराचाच पॉड इव्हिक्ट झाला तर वाजवणार कोण.

गेल्या महिन्यात तो एकदाच वाजला, ७६ टक्क्यांवर. बघितलं तर टेंप फोल्डरात मीच ठेवून विसरलेली ९ जीबीची इमेजची टार फाइल. सेक्रेटरींचा फोन त्यानंतर आला, पण तो फॅटचा दर बदलायचा होता म्हणून.